हॉर्न की हवा

गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला, तेव्हा मे महिन्यातले नागपूर ४५ अंशांवर होते आणि बाजारातून एक फेरी मारून आम्ही वर्ध्याला एका साक्षगंधासाठी निघत होतो. तीनच दिवसांपूर्वी गॅरेजवाल्याने मापक न लावताच 'गॅस संपला' असा निकाल देऊन १,८०० रुपये घेतले होते. गाडी सकाळी आठला नेली होती आणि गॅस भरल्यावर ती गारही झाली होती. मात्र त्या वेळी ती गॅस न भरताही गार झाली असती, कारण इंजिन तापल्याशिवाय हा आजार डोके वर काढत नसे. हे ज्ञान मला फाटकापाशी दिले ते रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी.

"पंखा सुरू आहे ना जी? मग गॅसच्या मागे काऊन लागले तुम्ही?" असे म्हणत त्यांनी बॉनेट उघडायला लावले. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर फिरत होती, पण तिच्या तोंडावरची चकती जागची हलत नव्हती. ती चुंबकाने चिकटली तरच कॉम्प्रेसर फिरतो, आणि त्या चुंबकाला वीज पाठवतो तो रिले. गॅस खरोखर कमी असला तरी प्रेशर स्विच ही वीज तोडतो, त्यामुळे गॅरेजवाल्याची शंका अगदीच मूर्खपणाची नव्हती. पण शंकेचे कोणी १,८०० रुपये घेते का?

त्यानंतर काकांनी फ्यूजच्या डब्याचे झाकण काढले, त्याच्या आतल्या बाजूचा नकाशा वाचला आणि डब्याला कान लावला. माझ्या पत्नीने आत बसून एसीचे बटण दाबायचे आणि पुन्हा काढायचे, असा हुकूम झाला. 'टक्' ऐकू यावे म्हणून त्यांनी कुल्फीवाल्याची घंटी थांबवली, दोन मुलांना क्रिकेट बंद करायला लावले आणि मला श्वास हळू घेण्याची सूचना केली. समोर रेडिएटरचा पंखा घोंगावत असताना हा माणूस काय ऐकत होता, हे देवच जाणे. शेवटी त्यांनी रिलेवर बोट ठेवले आणि डोळे मिटून वैद्याने नाडी पाहावी तसे म्हणाले, "उचलून राहिला. पण पुढे देऊन नाही राहिला."

मग भर उन्हात व्याख्यान झाले. रिलेच्या ८५ आणि ८६ क्रमांकांच्या पायांमधून थोडीशी वीज जाते, आतले वेटोळे चुंबक होते, ते पट्टी ओढते आणि मग ३० वरून ८७ कडे खरी वीज जाते. आमचे वेटोळे शाबूत होते, पण ओढलेली पट्टी जिथे टेकते ते टोकच जळले होते. "आमचा रिले पडला की सिग्नल लाल होते आणि गाडी थांबते, म्हणजे बिघडला तरी माणूस वाचतो. तुमच्या रिलेले तेवढीही अक्कल नाही," असे म्हणताना त्यांना माझ्या रिलेची लाज वाटत असल्याचे स्पष्ट दिसत होते. माझा सदरा पाठीला चिकटला होता आणि साक्षगंधाचा मुहूर्त टळत चालला होता, पण चौतीस वर्षांच्या नोकरीला मध्येच तोडणे मला जमले नाही.

रविवार असल्यामुळे गाडीच्या सुट्या भागांची दुकाने बंद होती. काकांनी हॉर्नचा रिले उपटला, दोघांवरचे आकडे ताडून पाहिले आणि अदलाबदल केली. कॉम्प्रेसरने खाडकन पकड घेतली आणि आतून गार वारा आला. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, ज्या १,८०० रुपये देताना कोणी वाजवल्या नव्हत्या.

हॉर्न अर्थातच गेला. वर्धा रोडवर हॉर्नशिवाय गाडी चालवणे म्हणजे भांडणात तोंड बांधून उतरणे होय. बुटीबोरीपर्यंत मी दर ट्रकमागे काच खाली करून 'ओ भाऊ' असे ओरडत होतो आणि प्रत्येक वेळी काकांनी मिळवून दिलेला गारवा बाहेर जाऊन त्याच्या जागी लू आत येत होती. सोमवारी नवा रिले १९० रुपयांना मिळाला. तो घेऊन मी गॅरेजवाल्याकडे गेलो, तर तो हसून म्हणाला, "पण गॅस तर फुल आहे ना, साहेब?"