बोरॉनला काय झालं?

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून आवर्तसारणीचं प्रकरण वगळल्याची बातमी 2023 च्या उन्हाळ्यात गाजली, तेव्हा आमच्या लातूरच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एक म्हणे, पोरांचं ओझं कमी झालं, अकरावीत आहेच की. दुसरा म्हणे, मग विज्ञानात उरलं काय? (बालभारतीच्या दहावीत ते दुसऱ्या क्रमांकाचं प्रकरण होतं आणि कुणी काढलंही नव्हतं, पण भांडताना हे कोण बघतं!) शेवटी मला ओढलं: "तू तिकडे हेच शिकवतेस ना? अमेरिकेत कसं असतं सांग."

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवते. इथलं खरं सांगितलं तर दोन्ही तटांची पंचाईत होईल. इथे एपीच्या (हायस्कुलातच घेता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या अभ्यासक्रमाच्या) परीक्षेत आवर्तसारणी छापूनच देतात. 'लीना की रब से फरियाद' करत पहिला गण घोकावा लागत नाही. म्हणून ती मुलांना कळते असं मात्र मुळीच नाही. तक्त्यावर बाण काढलेले असतात: डावीकडून उजवीकडे अणू लहान, वरून खाली मोठा. मुलं ते बाणच पाठ करतात. फ्लोरिनचा अणू लिथिअमपेक्षा लहान का? "उजवीकडे आहे म्हणून." एपीत या उत्तराला गुण नाहीत, आणि नसावेतच. नीटची तयारी करणारा माझा भाचा हेच उत्तर देतो, फक्त जास्त वेगाने.

दोन वर्षं मीही बाण शिकवले. मग पुसून टाकले. आता मुलांना आलेखाचा कागद देते आणि दुसऱ्या आवर्तातल्या, म्हणजे आडव्या ओळीतल्या, मूलद्रव्यांची पहिली आयनीभवन ऊर्जा (अणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा) एकेक करून सांगते. लिथिअम 520 किलोज्यूल प्रति मोल, बेरिलिअम 899. पेन्सिली वर चढतात. बोरॉन 801.

"मिस, हा आकडा चुकलाय."

चुकलेला नाही. पुढे कार्बन 1086, नायट्रोजन 1402, आणि ऑक्सिजन पुन्हा खाली, 1314. आता वर्ग जागा होतो. केंद्रातले प्रोटॉन वाढतात, इलेक्ट्रॉन त्याच कवचात भरतात, म्हणून ओढ वाढते, इथवर त्यांचं ते येतात. पण त्या कवचाचे 2एस आणि 2पी असे दोन उपभाग आहेत, आणि बोरॉनचा सुटणारा इलेक्ट्रॉन 2पी मधला, म्हणजे 2एस पेक्षा जरा वरच्या ऊर्जेचा. नायट्रोजनचे तीन पी-इलेक्ट्रॉन तीन ऑर्बिटलांत, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या तीन खोल्यांत, एकेकटे, ऐसपैस. ऑक्सिजनच्या चौथ्याला कुणाच्या तरी खोलीत शिरावं लागतं, आणि एका खोलीतले दोघे एकमेकांना ढकलतात. याला माझे दोन तास जातात. आमच्या कॉलेजात ऐंशी जणांच्या वर्गात, सीईटी डोक्यावर असताना, सरांनी हे कधी करायचं होतं?

तरीही दहावीतून प्रकरण काढणं मला पटत नाही, आणि त्याचं कारण डॉक्टर-इंजिनीअर होणारी मुलं नाहीत. त्यांना ते अकरावीत भेटेल. कॉमर्सला, आर्ट्सला जाणाऱ्यांना दहावी हा शेवटचा थांबा. आमच्या बाईंनी सांगितलं होतं, आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने तिच्यातल्या ॲल्युमिनिअमखालच्या रिकाम्या घराला 'एका-ॲल्युमिनिअम' नाव दिलं, त्यातलं 'एका' म्हणजे आपलं संस्कृतातलं एक. 1875 मध्ये त्याच घरातलं गॅलिअम सापडलं. शोधणाऱ्याने घनता 4.7 मोजली, मेंडेलीव्ह म्हणाला 5.9 असायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजली, तर 5.9 च्या आसपासच! ज्याने धातू पाहिलाही नव्हता त्याचं बरोबर. ही गोष्ट फक्त सायन्सवाल्यांसाठी राखून का ठेवायची?

आणि अमेरिकेचा दाखला तर देऊच नका. माझ्या राज्यात रसायनशास्त्र न घेताही हायस्कूल पार करता येतं.

हे सगळं ग्रुपवर लिहायचा कंटाळा आला. लिथिअम ते निऑन आठ आकडे टाकले आणि म्हटलं, आलेख काढा. दोन्ही तट गप्प. रात्री उशिरा एकीचा फोटो आला. ही दहावीनंतर कॉमर्सला गेली, आता साड्यांचं दुकान चालवते. बिलबुकाच्या मागे पेनाने काढलेली वेडीवाकडी रेघ, आणि खाली: "बोरॉनला काय झालं गं?"