मालगाडी शेपटापर्यंत दाखवा की राव!

हल्ली मालगाडीचे व्हिडिओ बघायला बसलं की डोकं फिरतं. इंजिन आलं, हॉर्न वाजला, तिसऱ्या वाघिणीला (म्हणजे मालडब्याला) कट! वर ढणाढण संगीत. अरे, इंजिन तर एक्स्प्रेसलाही असतं. मालगाडी बघायची ती तिच्या डब्यांसाठी.

रविवारी भाच्याला स्कूटरवर मागे बसवून दिवसभर हेच केलं. (ताईचं मत: "ऊन खायचंय तर घरात गॅलरी आहे की.") बडोद्यात मालगाड्या बघायच्या तर आधी बाजव्याकडे जायचं. कोयलीची रिफायनरी १९६५ पासूनची, शेजारी करचिया यार्ड, बाजव्याला खताचा कारखाना, दशरथला कंटेनर डेपो. त्यामुळे एकाच जागी उभं राहून तऱ्हेतऱ्हेचा माल बघायला मिळतो. फक्त घाई नको. मालगाडी कुठल्या छापील वेळापत्रकात सापडत नाही, कंट्रोल रूम सोडेल तेव्हा सुटते, आणि मागून एखादी राजधानी येत असेल तर मुकाट्याने लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहते.

आमच्या नशिबाने टँकरची रेक (अख्खी मालगाडी) अशीच उभी होती. प्लॅटफॉर्मवरून निवांत बघता आली. झाकणापासून खाली ओघळलेले काळे डाग, तेलाचा उग्र वास आणि अंगावर अकरा आकडी नंबर. त्यातले पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचं साल. भाच्याने ०८ वाचलं आणि म्हणाला, "मामा, ही माझ्यापेक्षा मोठी आहे!" मग सिग्नल पडला. ब्रेक सुटल्याचा फुस्स आवाज आला आणि एकेक कपलिंग ताणलं जाऊन खडखडाट इंजिनाकडून शेपटाकडे पळत गेला. यावर कुणाला संगीत घालावंसं वाटत असेल तर त्याला काय म्हणावं?

आणि शेपूट दाखवा हा माझा नुसता हट्ट नाही. खुद्द रेल्वेही तेच बघते. गाडी पुढे गेली की स्टेशनवरचा माणूस शेवटच्या डब्यावरची 'एल व्ही' (लास्ट व्हेइकल) पाटी शोधतो, रात्री लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मधेच तुटून डबे मागे राहिले नाहीत. त्या शेवटच्या डब्यात, म्हणजे ब्रेक व्हॅनमध्ये, बसणारा गार्ड २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाला. काही गाड्यांना तर आता ब्रेक व्हॅनही नसतो, शेवटच्या वाघिणीला यंत्र अडकवतात. तेव्हा जोवर आहे तोवर टिपून ठेवा की!

दुपारी सेव उसळ हाणली आणि मकरपुऱ्याकडे निघालो. वाटेत डभोईच्या लाइनवरचं प्रतापनगर स्टेशन लागलं. डभोई-मियागाम लाइनवर १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाडांची गाडी बैल ओढत, असं भाच्याला सांगितलं. त्याचा प्रश्न: "मग हॉर्न कोण द्यायचं?"

नवीन मकरपुरा ते नवीन घोलवड हा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग मार्च २०२४ मध्ये लोकार्पण झाला. विजेच्या तारा सुमारे साडेसात मीटर उंच, कंटेनरवर कंटेनर ठेवून जाता यावं म्हणून. तसला दोन मजली नमुना काही दिसला नाही. पण बिहारमधल्या मधेपुऱ्याच्या कारखान्यातलं बारा हजार अश्वशक्तीचं जोडइंजिन बघितलं, मागे उघड्या वाघिणींची लांबलचक रांग. माल तिकडे वळला की जुन्या लाइनवर पॅसेंजरला वाट मोकळी होते, हे मलाही कळतं. तरी बाजव्याला मालगाड्या कमी झाल्या तर मला आवडणार नाही. असू दे स्वार्थ.

एक मात्र बजावून सांगतो. रुळांत उतरून, खांबाला लटकून रील काढणाऱ्यांना मी आमच्यातलं धरत नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहेच, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहीपेक्षा, त्या लोको पायलटचा विचार करा ना. हजारो टन घेऊन निघालेला माणूस ब्रेक लावून लगेच थांबणार कसा? आम्ही दिवसभर प्लॅटफॉर्मवर किंवा रस्त्यावर उभे होतो. काही अडलं नाही.

मकरपुऱ्याचा व्हिडिओ खाली टाकतोय. कट नाही, संगीत नाही. मधे एक कुत्रा भुंकतो आणि शेवटी भाचा "गार्डकाकांनी हात केला!" असं माझ्या कानात ओरडतो, तेही ठेवलंय.