कोलेस्टेरॉलच्या गोळीने भूक वाढते? त्या मेसेजमधला एकेक दावा

‘कोलेस्टेरॉलच्या गोळीने भूक वाढते, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. भूक वाढली की वजन वाढतं, वजनापाठोपाठ शुगर येते. गोळी बंद करा, लसणाचा काढा घ्या.’ अशा आशयाचा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या कुणी तो वाचून स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची गोळी, सोडलं तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून एकेक दावा तपासतो.

‘अमेरिकेत सिद्ध झालंय.’ हवाला दिला जातो तो 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या 27 हजारांवर प्रौढांची 1999 ते 2010 ची माहिती त्यात तपासली होती. 1999-2000 मध्ये स्टॅटिन घेणारे दिवसाला सरासरी 2000 कॅलरी खात होते आणि न घेणारे 2179. म्हणजे गोळीवाले चक्क कमी खात होते! दहा वर्षांत गोळीवाल्यांचा आहार 9.6 टक्क्यांनी वाढला, न घेणाऱ्यांच्या आहारात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आता खरी मेख बघा. सर्वेक्षणाच्या प्रत्येक फेरीत माणसं वेगळी होती. एकाच माणसाचं खाणं गोळीआधी आणि गोळीनंतर मोजलेलंच नाही. भूक किती लागते हेही मोजलं नाही. चोवीस तासांत काय काय खाल्लं, एवढीच नोंद घेतली. गोळीच भूक वाढवत असती, तर 1999 सालचे गोळीवाले इतरांपेक्षा कमी कसे खात होते? संशोधकांनी शक्यता मांडली ती वेगळीच: गोळीने रिपोर्ट सुधारला की पथ्य सुटतं.

हे आपल्या पंगतीतही दिसतं. जिलेबी पुन्हा फिरते तेव्हा पानावर हात आडवा धरणारा माणूस ‘गोळी चालू आहे, वाढा’ म्हणतो. त्याला जास्त भूक लागलेली नसते, त्याची भीती गेलेली असते. मला हा प्रश्न गंभीर वाटतो, पण त्यावर उपाय ताटात करायचा, गोळी सोडून नव्हे.

‘वजन वाढतं.’ यात थोडं तथ्य आहे, ते लपवायचं कारण नाही. 2015 साली स्टॅटिनच्या अनेक औषध-चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांचं वजन सरासरी चार वर्षांत सुमारे पाव किलोने जास्त भरलं. पाव किलो! पाच-सहा किलो वाढले असतील तर कारण दुसरीकडे शोधा. थायरॉइड मंदावलं की वजन वाढतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, त्यामुळे टीएसएचची (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासणी झालेली नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

‘शुगर येते.’ हा धोका खरा आहे आणि डॉक्टरांनी तो रुग्णाला सांगायलाच हवा. 2010 साली अशाच 13 औषध-चाचण्यांमधल्या 91 हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा मधुमेहाचा धोका 9 टक्क्यांनी जास्त दिसला. ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात 255 जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर मधुमेहाचा एक रुग्ण वाढतो, आणि तेवढ्याच लोकांत, तेवढ्याच काळात हृदयविकाराचे पाचेक गंभीर प्रसंग टळतात. ज्यांची शुगर आधीच काठावर आहे त्यांना हा धोका जास्त. त्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी शुगर) वेळोवेळी तपासावं.

याच मेसेजचा एक उलटा भाऊही फिरतो: ‘गोळीने भूक मरते.’ नुसती भूक मंदावली म्हणून गोळीला दोष देता येत नाही. पण भूक गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्टॅटिनने यकृताला गंभीर इजा क्वचितच होते, पण त्याची लक्षणं हीच.

राहिला काढा. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतः शरीरच बनवतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा. कोलेस्टेरॉल बनवायला लागणारं तिथलं एक एन्झाइम स्टॅटिन रोखतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला तेवढा परिणाम लसणातून मिळत नाही. भाजीत लसूण खुशाल घाला.

गोळी सुरू केल्यापासून भूक किंवा वजन बदललंय असं वाटत असेल, तर आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहा, चहाबरोबरची खारीसुद्धा. ती वही आणि वजनाचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, सोबत एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल कमी करणारं दुसरं औषध जोडता येतं. तोवर रोजची गोळी चुकवू नका.