उतरवून ठेवलेले भाग

गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर भाच्याने लिहिलं, "मामा, डाउनलोडचा जमाना गेला. हवं ते हवं तेव्हा स्ट्रीम होतं. आता साठवून ठेवतात ते एक तर जुन्या वळणाचे, नाही तर चोर." खाली पटापट चार अंगठे पडले. त्यातला एक ताईचा. माझी रात्रीची झोप उडाली.

चोरीचं आधी बोलतो, कारण जर्मनीत 12 वर्षं काढल्यावर ते मला कुणी शिकवायची गरज नाही. टॉरेंटवर फाइलचे तुकडे घेता घेता आपण तेच तुकडे दुसऱ्यांना वाटतही असतो, आणि वाटणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, कुणालाही दिसतो. इथे त्या पत्त्यावरून कोर्टामार्फत इंटरनेट कंपनीकडून नाव काढतात आणि वकिलाचं आबमानुंग, म्हणजे पैसे मागणारी ताकीद नोटीस, घरी येतं. माझ्या पहिल्या घरातल्या रूममेटला आलेलं पत्र मी शेजारी बसून वाचलंय. त्याचे हात थरथरत होते. तिकडे ग्रुपवर अंगठे देणारेच टेलिग्रामवरचा नवा मराठी सिनेमा एकमेकांना पुढे पाठवतात, आणि वर मराठी सिनेमा चालत नाही म्हणून हळहळतात. भारतातल्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीत थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला 3 महिने ते 3 वर्षं कैद आहे, दंड किमान 3 लाख रुपये. असावाच. पण तो कायदा चोरून चित्रण करणाऱ्यासाठी आणि तसली प्रत दाखवणाऱ्यासाठी आहे. पैसे मोजून घेतलेली गोष्ट घरात ठेवू पाहणारा त्यात कुठे बसतो?

इथे जर्मनीत फोन, पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क यांच्या किमतीतच खासगी प्रतीचा, म्हणजे स्वतःसाठी केलेल्या कॉपीचा, मोबदला धरलेला असतो आणि तो कलावंतांपर्यंत पोचवायची व्यवस्था आहे. माणूस साठवणारच, हे इथल्या कायद्याने मान्य केलंय. (कॉपीचं डिजिटल कुलूप तोडायला मात्र इथेही बंदी आहे. भाच्याला उत्तर लिहायला घेतलं तेव्हा हे मी गाळलं होतं.)

भाचा म्हणतो, ॲपमध्ये डाउनलोडचं बटण असतंच की. त्या बटणाने मिळतं ते डाउनलोडच नव्हे. फाइल त्याच ॲपच्या कुलपात राहते. बऱ्याच ठिकाणी 30 दिवसांत मुदत संपते, एकदा सुरू केलं की 48 तासांत. मागच्या सुट्टीत परत निघताना आईच्या घरच्या वायफायवर मी टॅबलेट मराठी सिनेमांनी भरून घेतला होता. इथे उतरून नेटला जोडला, आणि एकेक पोस्टर राखाडी झालं. वर्षाचे पैसे भरलेले होते.

आणि विकत घेतलेलं तरी कुठे आपलं असतं? डिसेंबर 2023 मध्ये सोनीने प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून टाकायचं जाहीर केलं होतं. नवा करार झाला म्हणून ते वाचले. उद्या करार झाला नाही तर? कॅलिफोर्नियात 2025 पासून नियम आहे: घेतलेली गोष्ट काढून घेता येत असेल, तर हा नुसता परवाना आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' लिहायचं नाही. कायमची उतरवून ठेवता येणाऱ्या फाइलला यातून सूट आहे. माझं म्हणणं नेमकं एवढंच आहे. गाण्यांच्या बाबतीत हे केव्हाच झालं. 2009 मध्ये ॲपलने आयट्यून्सवरच्या गाण्यांची कुलपं काढली आणि तरीही गाणी विकली गेली. मराठी सिनेमाची फाइल विकत घेणाऱ्याच्या अदृश्य खुणेसह विका. ती बाहेर फुटली तर कुणाची ते कळेल. थिएटरातून उतरल्यावर आणि ॲपचा करार संपल्यावर छोट्या निर्मात्याला आणखी दोन पैसे मिळतील. याला जुनं वळण कसं म्हणता?

ताईचा अंगठा मात्र अजून डोक्यातून जात नाही. ताई आईपासून दोन मजले वर राहते. संध्याकाळी खाली उतरते, दोघी मालिका बघतात, बोलतात. माझ्याकडे आईशी बोलायला फक्त रविवारचा फोन आहे. तब्येत, हवा, पगार हे पाच मिनिटांत संपतं. मग ती मालिकेवर येते आणि तिचा आवाज बदलतो. म्हणून मी ते भाग उतरवून ठेवायचो आणि ऑफिसला जाताना एसबानमध्ये, इथल्या लोकलमध्ये, बघायचो. मला त्या कथेत रस आहे असं नाही. सून काय म्हणाली, सासू का गप्प बसली, यावर आईचं मत मला हवं असायचं. गेली अनेक वर्षं आम्ही दोघं एवढंच एकत्र करतोय.

दोन महिन्यांपूर्वी ती मालिका इथून गेली. 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' टॅबलेटवर ठेवलेले भागही उघडेनात. माझा प्रदेश कोणता, हे त्या ॲपला इतक्या खात्रीने ठरवता येतं आणि मला येत नाही, म्हणून ते वाक्य वाचताना अंगावर आल्यासारखं झालं. टेलिग्रामची लिंक भाच्याने लगेच पाठवली. मी उघडली नाही.

काल आईने विचारलं, "बघितलास का शुक्रवारचा भाग?"

मी हो म्हणालो. ती लगेच खुलली. "मग तूच सांग, तिचं काय चुकलं?"