पीपीओवरचं नाव आईचं नव्हतं

बाबा 1968 साली कमिशन घेऊन सैन्यात गेले, 1999 मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. गेल्या आठवड्यात त्यांच्या पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) दुरुस्ती मंजूर होऊन नवा कागद हातात आला. एकोणीस महिने लागले. माझ्या ओळखीत फौजी घरं बरीच आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

आईबाबांचं लग्न 1974 चं, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातलं. ताटात तांदूळ पसरले, बाबांनी त्यात अंगठीने आईचं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून ती त्याच नावाची झाली. रेशनकार्ड, मतदारयादी, बँक, पुढे आधार, सगळीकडे तेच. पण बाबा रजा संपवून युनिटमध्ये गेले आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर (सैन्याच्या रेकॉर्डमध्ये कौटुंबिक बदल नोंदवणारा आदेश) निघाली, तेव्हा तिथल्या क्लार्कने माहेरचं पहिलं नाव घेऊन त्याला आमचं आडनाव जोडलं. जन्मतारखेचंही तसंच. शाळेत गुरुजींनी आईची तारीख 1 जून लावलेली, त्या पिढीत कितीतरी जणांची लावली तशी. बाबांनी युनिटमध्ये खरी तारीख सांगितली. त्यामुळे सैन्याच्या कागदावर बाबांची पत्नी म्हणून जी होती, त्या नावाची आणि त्या तारखेची बाई दुसऱ्या कुठल्याच कागदावर नव्हती.

पेन्शन बाबांच्या नावाने येत राहिली, आईच्या नावाचं कधी काम पडलं नाही. पेन्शन बँकेतून स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली, तेव्हा माहिती पडताळताना पत्नीच्या नावाचा रकाना मी पहिल्यांदा नीट वाचला आणि पोटात गोळा आला. बाबा तेव्हा 76 वर्षांचे होते. उद्या त्यांना काही झालं, तर फॅमिली पेन्शनसाठी आईला आधी ती स्वतःच त्यांची बायको आहे हे सिद्ध करावं लागलं असतं.

सगळ्यांनी पहिला सल्ला दिला, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. मराठा रेजिमेंटच्या जवानांसाठी ते बरोबर आहे. अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड मात्र दिल्लीत सेना मुख्यालयात असतं, आणि पीपीओ निघतो प्रयागराजहून. हे कळेपर्यंतच दोन महिने गेले. पुढे प्रतिज्ञापत्र, जोडीचा फोटो, आईचा शाळेचा दाखला, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावाची जाहिरात. एका कार्यालयाने लग्नाच्या नोंदणीचा दाखला मागितला. 1974 साली गावात लग्नाची नोंदणी कोण करत होतं? ज्या भटजींनी लग्न लावलं ते जाऊन वीस वर्षं झाली. दोनदा फाइल परत आली. एका फॉर्मवर रकाना होता, ‘नाव बदलण्याचे कारण’. आई तो वाचून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी कुठे बदललं गं? त्यांनीच चुकीचं लिहिलं." नोटरीसमोर सही करताना तिचा हात थरथरत होता. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जन्मतारखेच्या दुरुस्तीला कडक नियम हवेत, हे मला मान्य आहे. जनरल व्ही. के. सिंह यांचं प्रकरण आठवा. यूपीएससीच्या अर्जावर जन्मसाल 1950, मॅट्रिकच्या दाखल्यावर 1951. सैन्याच्याच दोन शाखा, पण ॲडज्युटंट जनरल शाखेकडे एक साल, मिलिटरी सेक्रेटरी शाखेकडे दुसरं. देशाचा सेनाप्रमुख सर्वोच्च न्यायालयात गेला, फेब्रुवारी 2012 मध्ये याचिका मागे घेतली आणि त्याच वर्षी 31 मे रोजी निवृत्त झाला. अधिकाऱ्याच्या तारखेवर बढती ठरते, ज्येष्ठता ठरते. पण त्याच्या पत्नीचं नाव दुरुस्त केल्याने कोणाची बढती हुकते?

सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात एक फार न्याय्य गोष्ट सांगितली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे जवानाला त्याच आजारापायी सेवेतून काढलं, तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. कागद ज्याच्या ताब्यात, पुराव्याचा भार त्याच्यावर. कुटुंबाच्या नोंदींनाही हाच न्याय लावा, एवढीच माझी मागणी आहे. आधार जुळतंय, बँक खातं जुळतंय, अधिकारी स्वतः जिवंत असून ‘हीच माझी पत्नी’ असं लिहून देतोय, मग शंका ज्या कार्यालयाला आहे त्याने ती सिद्ध करावी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला नोटरीकडे का पाठवायचं?

बाबा सुरुवातीला तयारच नव्हते. "फौजेने लिहिलंय ते बघूनच लिहिलं असणार," म्हणायचे. ज्या संस्थेला आयुष्य दिलं तिची चूक काढायला त्यांना जड जात होतं. शेवटी आईनेच पीपीओ त्यांच्यासमोर धरला आणि विचारलं, "ही कोण?" त्याच संध्याकाळी त्यांनी अर्जावर सही केली. आमचं काम झालं ते त्या सहीमुळे. ते नसते तर हीच फाइल किती वर्षं फिरली असती, कोण जाणे.

आज घरचा पीपीओ काढा. पत्नीचं नाव, तिची जन्मतारीख, मुलांची नावं, एकेक अक्षर आधारशी ताडून बघा. फरक दिसला तर ज्यांच्या नावाची पेन्शन आहे त्यांच्या सहीने अर्ज आत्ताच करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. आमच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा माझ्याकडे मराठीत आणि इंग्रजीत आहे. हवा असेल त्यांनी मेसेज करा, रात्री उशिरा का होईना, पाठवते.