मागचं इंजिन म्हणे ट्रेनचे ब्रेक लावायचं!

फॉरवर्ड असा: "अमेरिकेतल्या हॉर्सशू कर्व्हवर वाफेच्या काळात ट्रेनचे एअर ब्रेक मागचा पुशर लावायचा, पुढचा ड्रायव्हर नुसता ओढायचा. दोन इंजिनांची हवा मिळून ब्रेक डबल. आणि हवा गेली की गाडी सुसाट!" सोबत भोर घाटाचा फोटो. इतके दिवस दुर्लक्ष केलं, पण आता रेल्वेच्या परीक्षेला बसणाऱ्या माझ्या मामेभावाने हे नोट्समध्ये उतरवून घेतलंय, म्हणून लिहितोय.

पुशरने, म्हणजे मागून ढकलणाऱ्या इंजिनाने ब्रेक लावायचा, हे तर साफ उलटं आहे. त्या कर्व्हवरून अल्टूनाहून गॅलिट्झिनकडे चढताना पुशर मागे जोडला की होज लावून ब्रेक पाइप (गाडीभर जाणारी हवेची नळी) एक करायचा आणि पुशरच्या ब्रेक व्हॉल्व्हखालचा कॉक (तोटी) बंद करायचा. का? तो उघडा राहिला तर पुढचा ड्रायव्हर ब्रेकसाठी पाइपमधली हवा कमी करणार आणि मागचा व्हॉल्व्ह "अरे, प्रेशर पडलं" म्हणून परत भरत बसणार, म्हणजे एकजण गाडी थांबवतोय नि दुसरा ब्रेक सोडतोय! मागच्याने फक्त शिट्टी ऐकायची, गेजवर लक्ष ठेवायचं, काटा खाली सरकला की रेग्युलेटर, म्हणजे इंजिनाची वाफ, बंद करायचा. नाही केला तर पुढे ब्रेक लागलेत आणि मागून ढकलणं चालू, मधले डबे रुळावरून उचलले जायचे. अमेरिकेचा 1893 चा सेफ्टी अप्लायन्स कायदा बघा, गाडी ओढणाऱ्या इंजिनाच्या ड्रायव्हरला वेग आवरता आला पाहिजे असं त्यात स्पष्ट आहे. ढकलणाऱ्याला नाही हो!

डबल ताकद वगैरे सोडा. पाइपचं प्रेशर पुढचं इंजिन ठरवतं, मालगाडीला चौरस इंचाला साधारण 70 पौंड, आणि ब्रेक दाबते ती प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या टाकीतली हवा.

म्हणूनच होज तुटला तर गाडी सुसाट सुटत नाही, ब्रेक लागतात. वेस्टिंगहाऊसने 1872 मध्ये ट्रिपल व्हॉल्व्ह (पाइपमधलं प्रेशर पडलं की टाकीतली हवा ब्रेककडे सोडणारा) आणला तो याचसाठी. बरं, त्याच्या 1869 च्या पहिल्या ब्रेकमध्ये हवा गेली की ब्रेक जायचा, एवढं मान्य. आणि लांब उतारावर सारखा ब्रेक लावत-सोडत राहिलं, टाक्या भरायला वेळच दिला नाही, तर आजच्या पद्धतीतही त्या रिकाम्या होतात, हेही खरं. त्यासाठीच तेव्हा ब्रेकमन वर चढाव संपला की डब्याडब्याचे रिटेनर व्हॉल्व्ह फिरवत जायचे, म्हणजे टाक्या भरेपर्यंत ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरमधली थोडी हवा अडकून राहायची.

राहिला फोटो. भोर घाटात बँकर (आपल्याकडचे पुशर) लागायचे, आजही लागतात, पण वाफेच्या काळात तिथल्या प्रवासी गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक (दाबाच्या हवेवर नाही, निर्वातावर चालणारे) होते, त्यात एअर ब्रेक आणायचे कुठून?