मयताच्या तुम्ही कोण?

आज सोसायटीच्या ऑफिसात आईला विचारलं, "मयताच्या तुम्ही कोण?" फॉर्मवर तसा कॉलम आहे, मान्य, पण तोंडाने विचारणारे काका गेली पंचवीस वर्षं आमच्याच जिन्यात राहतात आणि दर गणपतीत आईच्या हातचे मोदक खाऊन जातात. आई म्हणाली, "बायको." आणि पर्समधून रेशनकार्ड काढलं. मला तिथेच रडू आलं, जिना चढेपर्यंत त्याचा संताप झाला, आणि आत्ता रात्री साडेअकराला टाइप करतेय.

बाबांना जाऊन सात महिने झाले. कोथरूडचा फ्लॅट, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर एकट्या बाबांचं नाव, मृत्युपत्र नाही, नॉमिनेशन नाही. (आयुष्यभर अख्ख्या बिल्डिंगचे इन्कम टॅक्सचे फॉर्म भरून दिले या माणसाने, स्वतःचा एक फॉर्म राहिला.) भांडण कुणाचंच नाही. दादा, मी, दोघांचं एकच म्हणणं, घर आईच्या नावावर करा. पण सोसायटीला दोन पेपरात जाहीर नोटीस हवी, इंडेम्निटी बाँड (पुढे कुणी दावा केला तर नुकसान आम्ही भरू असं लिहून देणं) हवा, वर कोर्टाचा वारस दाखला हवा. वकील म्हणाले तो दाखला ज्या कायद्याखाली मिळतो तो १८२७ चा आहे. म्हणजे पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा!! अर्ज करा, कोर्ट नोटीस काढणार, कुणाची हरकत येते का बघणार, मग शपथेवर साक्ष. "सहा महिने धरून चाला." आणि रेशनकार्डावर आई 'शैला' आहे, आधारवर 'शैलजा', त्यामुळे दोन्ही एकच बाई आहेत याचं आणखी एक ॲफिडेविट.

बरं वारस आम्ही तिघंच नाही. सांगलीला आजी आहे, वय ८८. मुलगा गेला की कायद्याने आईसुद्धा बायकोमुलांच्या बरोबरीची वारस, म्हणजे चार जणांत चौथा हिस्सा तिचा. तिने हक्कसोड केलं, म्हणजे आपला हिस्सा सोडला असं लिहून दिलं, तर ते रजिस्टर करायचं, आणि तोवर तिचं काही बरंवाईट झालं तर तिचा हिस्सा काका, आत्या सगळ्यांत जाणार, मग सह्यांसाठी कुठे कुठे फिरायचं? हे मी आजीला फोनवर कसं सांगू, की आजी लवकर सही कर?

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. ती म्हणाली, १ एप्रिल २०२५ पासून तिकडे कुणी वारलं आणि राहतं घर साडेसात लाख डॉलरपर्यंतचं असलं तर पूर्ण प्रोबेट, म्हणजे मयताच्या मालमत्तेची कोर्टातली लांबलचक प्रक्रिया, करत बसावं लागत नाही. चाळीस दिवस थांबायचं, कोर्टात एक छोटा अर्ज, बाकी वारसांना नोटीस, आणि जज ऑर्डर देतो. ठीक आहे, कोर्ट तिथेही आहेच, आणि सॅन फ्रान्सिस्कोकडे तेवढ्यात घर येत नाही म्हणे. पण राहतं घर म्हणजे काहीतरी वेगळं असतं एवढं तरी त्यांच्या डोक्यात शिरलं ना. आणि तिकडे तरी कशाला जायचं, त्याच १ एप्रिलपासून आपल्या सरकारने राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला. शेताला तलाठ्याची चौकशी पुरते, मग आमच्या तिसऱ्या मजल्याला कोर्ट का?

हो, बहिणींना गाळून फ्लॅट लाटणारे भाऊ असतात, माहितीये, नोटीस हवीच. पण हरकत घेणारा कुणी नसेल तर?

आणि खरं सांगू, डोकं कशाने फिरलं? सात महिने मेंटेनन्स आईच भरतेय, कॉर्पोरेशनचा टॅक्स आईने भरला, लाइटबिल अजून बाबांच्या नावाने येतं तेही तीच भरते. पैसे घेताना एकाने तरी विचारलं का, मयताच्या तुम्ही कोण?

संध्याकाळी ते काका वर आले होते. दारातच उभे, चपला न काढता. "वहिनी, उद्या ऑडिटर मलाच धरेल हो, मला काय हौस आहे का." खरं असेलही. मी आतून बाहेर आले नाही. आईने मात्र त्यांना बसवून चहा दिला, आणि ते गेल्यावर स्टूल घेऊन माळ्यावरून लग्नाचा अल्बम काढला. म्हणे, कोर्टात लागला तर जवळ असू दे.